प्लॅस्टिगेज : दहा पौंडांची शेवई आणि एमजीबीचं इंजिन

अप्पा त्याला पहिल्या दिवसापासून शेवई म्हणतात. व्हिडिओ कॉलवर मी पाकीट फोडून दाखवलं, आतली बारीक काडी बोटावर घेतली, तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "हे काय गं? शेवया वाळत घातल्यास काय गॅरेजात?" तेव्हापासून आमच्या घरात प्लॅस्टिगेज हा शब्द कुणी वापरत नाही.

तर ही समीक्षा त्या शेवईची, म्हणजे इंजिनाच्या बेरिंगातली फट मोजायच्या प्लॅस्टिकच्या काडीची. इंजिन खोलून बांधताना मी इथं इंग्लंडात बऱ्याच वस्तू विकत घेतल्या, त्यातल्या निम्म्या आता शेडमध्ये धूळ खात पडल्यात. सगळ्यांत स्वस्त जी घेतली, टपालखर्चासकट दहा पौंडांच्या आतबाहेर, तिनंच माझं इंजिन दुसऱ्यांदा मरण्यापासून वाचवलं.

गाडी 1971 ची एमजीबी जीटी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. मातकट निळी, मागं काचेचं झाकण, दोन माणसं आणि एक बऱ्यापैकी मोठी पिशवी मावेल एवढी. मी धंद्यानं फार्मासिस्ट आहे, मेकॅनिक नाही. पण कोल्हापूरला उद्यमनगरात अप्पांचं क्रँक (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंडिंगचं वर्कशॉप होतं आणि दहावीचा अभ्यास मी त्याच्या माळ्यावर, खाली ग्राइंडर चालू असताना केलाय. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथं रोड टॅक्स नाही, एमओटीची, म्हणजे वार्षिक तपासणीची, सक्तीही नाही, त्यामुळे "फुकटात पडेल" असं नवऱ्याला सांगून घेतली होती. हे वाक्य तो मला अजून ऐकवतो.

बिघडली कशी ते थोडक्यात सांगते. या गाडीला पुढं ऑइल कूलर असतो, आणि त्याला जाणारे दोन रबरी होज. माझे किती जुने होते देव जाणे. मोटरवेवर एक फाटला. एमजीबीला ऑइल प्रेशरचा खरा काटा आहे, नुसता लाल दिवा नाही. पण काटा असून उपयोग काय, बघायला नको का? मी गाणी ऐकत होते. बघितलं तेव्हा काटा खाली झोपलेला आणि खालून खट-खट-खट सुरू. अप्पांच्या भाषेत 'कनेक्टिंग बोलायला लागलं', म्हणजे कनेक्टिंग रॉडचं बेरिंग गेलं. कडेला घेऊन बंद केली तोवर तेल मागच्या अर्ध्या मैलावर सांडून गेलं होतं.

घरी क्रेन भाड्यानं आणून इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच उचललं. चेंबर खोललं (इथले लोक त्याला संप म्हणतात, मला ते जमत नाही, संप म्हटलं की एसटीचा आठवतो) आणि फोन अप्पांसमोर धरला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बिग एंडच्या (कनेक्टिंगचं क्रँककडचं टोक) शेलवरचा, म्हणजे अर्धगोल बेरिंगवरचा, पांढरा धातू पार गेलेला, खालचं तांबं दिसत होतं. अप्पांचं लक्ष मात्र तिकडं नव्हतंच. "जरा मागं घे फोन. ब्लॉक दाखव. टॅपेट कव्हर दाखव." मग शांतपणे, "अगं, हे तर आपलं अँबॅसिडरचं इंजिन."

होतंच ते. बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज. उत्तरपाड्याची अँबॅसिडर कितीतरी वर्षं ज्या 1489 सीसीच्या पेट्रोल इंजिनवर चालली, त्याच घराण्यातलं हे 1798 सीसीचं. स्ट्रोक दोघांचा सारखाच, 88.9 मिलिमीटर, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तेवढा 73 वरून 80 च्या वर गेलेला. फरक एक महत्त्वाचा : अँबॅसिडरच्या क्रँकला तीन मेन बेरिंगं, आणि 1964 च्या शेवटापासून एमजीबीला पाच. अप्पांनी असले क्रँक शेकड्यांनी घासले असतील. माझ्या इंग्लंडातल्या हौशीच्या गाडीकडं त्यांनी तोवर ढुंकून बघितलं नव्हतं, त्या दिवसापासून रोज रात्री त्यांचा फोन यायला लागला.

क्रँक, ब्लॉक आणि हेड एका मशीन शॉपला दिलं. नाव लिहीत नाही, कारण पुढं कळेलच. बोअर 30 थाऊ वाढवून नवे पिस्टन, क्रँक घासून 20 थाऊ बारीक. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण दोन ते चार थाऊ जाड असतो. सहा आठवड्यांनी सगळं परत आलं, चकचकीत, तेलकट कागदात गुंडाळलेलं, सोबत 020 छापलेले शेलचे डबे. मी लगेच बांधायलाच बसणार होते. अप्पा म्हणाले, "दुसऱ्यानं घासलेला क्रँक न मोजता बांधायचा नसतो. मी घासलेलासुद्धा नाही."

मोजायचं काय, तर क्रँकची पिन (ज्या गोल भागावर कनेक्टिंग बसतं तो) आणि बेरिंगचा शेल यांच्यातली फट. या फटीत तेलाचा पातळ पापुद्रा धरतो आणि सगळा भार त्या पापुद्र्यावर तरंगतो. धातू धातूला टेकतच नाही. फट कमी झाली तर तेल शिरत नाही, बेरिंग तापतं, चिकटतं. जास्त झाली तर तेल दोन्ही कडांनी वाहून जातं, प्रेशर पडतं आणि कनेक्टिंग पुन्हा बोलायला लागतं. जुना हिशोब असा की पिनेच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ. एमजीबीची पिन मुळात 1.876 इंचाची, म्हणजे दोन थाऊच्या आसपास. मॅन्युअल एक ते 2.7 थाऊपर्यंत चालेल म्हणतं.

आता ही फट बंद बेरिंगच्या आत असते. तिथं फीलर गेज, म्हणजे फट मोजायचं पातळ पातं, जात नाही. मायक्रोमीटरनं पिन मोजायची, शेल बसवून कॅप (बेरिंगचं झाकण) आवळून आतला व्यास बोअर गेजनं मोजायचा आणि वजाबाकी करायची, हा शास्त्रशुद्ध मार्ग. पण चांगला बोअर गेज घ्यायचा तर त्या पैशात माझे दोन होज, क्लच आणि वर एक जेवण झालं असतं. अप्पांची पद्धत हाताची : तेल लावून कॅप आवळायची, कनेक्टिंग आडवं धरून सोडायचं. आपल्या वजनानं हळूहळू खाली आलं तर बरोबर, धाडकन पडलं तर ढिलं, तिथंच अडकलं तर टाईट. त्यांच्या हाताला ते कळतं. माझा हात गोळ्या मोजणारा.

म्हणून शेवई. पाकिटात मेणासारख्या मऊ प्लॅस्टिकच्या बारीक, एकसारख्या जाडीच्या काड्या येतात, आणि एक कार्ड, ज्यावर कमीजास्त रुंदीच्या पट्ट्या छापलेल्या. मी घेतलं ते 0.025 ते 0.175 मिलिमीटरचं, म्हणजे एक ते सात थाऊ. अमेरिकन बनावटीचं घेतलंत तर रंगावरून ओळखायचं : हिरवं एक ते तीन थाऊचं, आणि अशा इंजिनाला तेच बरं, कारण आपल्याला जिथं बघायचंय तिथं त्याची मापं जवळजवळ असतात.

वापरायची रीत सोपी वाटते, पण प्रत्येक पायरीला एक खोड आहे. पिन आणि शेल दोन्ही कोरडे ठणठणीत पुसायचे, कारण हे प्लॅस्टिक तेलात विरघळतं. जरा ओशट राहिलं की माप खोटं. पिनेच्या रुंदीएवढा तुकडा कापायचा. सोबत आलेल्या ग्रीसचा ठिपका लावून तो पिनेवर चिकटवायचा, आडवा, म्हणजे क्रँकच्या लांबीच्या दिशेनं. शेलला सिलिकॉनचा हलका हात. कॅप ठेवायची, टॉर्क रेंचनं मॅन्युअलातल्या आकड्यापर्यंत आवळायची, पूर्ण. "नुसतं बघायचंय तर कशाला एवढं" असं म्हणून अर्धवट आवळलंत तर आकडाही अर्धवटच येणार. आणि क्रँक एक केसभरसुद्धा फिरवायचा नाही. फिरला की काडी फरफटते आणि तुकडा वाया. माझे पहिले दोन असेच गेले. एक क्रँक फिरला म्हणून, आणि दुसरा नोव्हेंबरात गॅरेजात एवढी थंडी होती की काडी वाकवताना कटकन मोडून कुठं उडाली ते अजून सापडलं नाही. मग पाकीट जर्किनच्या आतल्या खिशात ठेवायला लागले. उबेला ती नीट वागते.

कॅप काढली की काडी चेपून पट्टी झालेली दिसते. तिची रुंदी कार्डाशी ताडायची. इथंच मी पहिल्यांदा उलटी वाचली. रुंद पट्टी दिसली की मला वाटायचं फटही रुंद. अप्पांनी विचारलं, "शेवई लाटण्याखाली जास्त पसरली तर लाटणं पोळपाटाच्या जवळ असतंय की लांब?" जवळ. रुंद पट्टी म्हणजे फट कमी, बारीक पट्टी म्हणजे फट जास्त. कार्डावर आकडे आहेत, पण माणसाचा डोळा आधी रुंदी बघतो.

पहिली पिन, दीड आणि दोन थाऊच्या मध्ये. दुसरी तशीच. चौथी तशीच. तिन्ही पट्ट्या काठापासून काठापर्यंत समांतर, जणू पट्टीनं आखल्यात. तिसरी काढली आणि मी चष्मा पुसला. पुढच्या काठाला पट्टी दीडच्या खुणेएवढी आणि मागच्या काठाकडं जाता जाता निमुळती, तीनच्या खुणेपर्यंत. बारक्या मुळ्याच्या आकाराची. फोटो काढून पाठवला. अप्पांनी तो मोठा करून बराच वेळ बघितला. कोल्हापुरात तेव्हा रात्रीचा एक वाजला होता.

"पिन टेपर घासलीया." एवढंच म्हणाले.

दुसरा तुकडा लावून बघितला, तसाच मुळा. मग कपाटातून त्यांनीच मला लग्नात दिलेला मायक्रोमीटर काढला, एक ते दोन इंचाचा. (हो, लग्नात. बाकीच्यांना पैठण्या मिळतात.) आधीही तो मी लावला होता, पण पिनेच्या बरोबर मधे, प्रत्येकी एकदा. मधे सगळं ठीकच दिसतं. आता दोन्ही काठांना लावला : पुढं 1.8562, मागं 1.8548. थाऊचे चौदा दशांश, म्हणजे 1.4 थाऊचा उतार, फक्त एका पिनेवर. शेवईनं दाखवलं तेवढंच.

मला या वस्तूबद्दल सांगायचंय ते नेमकं इथं आहे. मायक्रोमीटर जास्त अचूक, यात वादच नाही. पण तो तुम्ही जिथं लावाल तिथलंच सांगतो. न विचारलेलं तो बोलत नाही. शेवई पिनेच्या अख्ख्या रुंदीवर पडते आणि उतार असेल तर तो आकारानंच दाखवते, आकडा वाचता आला नाही तरी. माझ्यासारख्या नवशिक्या बाईला काय विचारावं हेच ठाऊक नसतं, तिला हा फरक फार मोठा आहे.

मशीन शॉपला फोन केला. पलीकडचे गृहस्थ आधी हसले. प्लॅस्टिगेज म्हणजे खेळणं आहे, म्हणाले, त्यावर कोणी क्रँक नाकारत नाही. मी मायक्रोमीटरचे दोन आकडे वाचून दाखवले. मग जरा शांतता, आणि "घेऊन या." काउंटरवर त्यांनी स्वतः मोजलं. चूक झाली असं तोंडातून निघालं नाही, पण चारही पिना 30 थाऊवर पुन्हा घासून दिल्या, पैसे न घेता, आणि 030 चे शेलही. तीन आठवडे गेले. या इंजिनाला 40 पर्यंत शेल मिळतात, म्हणून अजून एक आयुष्य शिल्लक आहे. पण एक फुकट गेलंच ना. अप्पा मात्र त्या माणसावर चिडले नाहीत, याचं मला नवल वाटलं. "चाक ड्रेस करायचं राहिलं असंल त्याचं. होतंय. माझंबी झालंय." (ड्रेस म्हणजे ग्राइंडरच्या चाकाची कड पुन्हा सरळ करणं.) कुणाच्या गाडीत, ते मी विचारलं नाही.

परत आल्यावर चारही पिना पुन्हा तपासल्या, आणि पाचही मेन. सगळीकडे पट्टी समांतर, दोनच्या जवळ. मेनचं एक सांगते, कारण हे मला कुठं धड लिहिलेलं सापडलं नाही. इंजिन स्टँडवर उलटं असेल तर क्रँक आपल्या वजनानं ब्लॉकमधल्या शेलांवर बसतो आणि कॅपखालची फट खरी मिळते. इंजिन गाडीतच असेल आणि तुम्ही खालून कॅप काढून बघत असाल, तर क्रँक कॅपवर लोंबतो, काडी उगाच जास्त चेपते, आणि फट आहे त्याहून कमी दिसते. जॅकनं क्रँक वर दाबून धरला तरच भरवसा. मेन कॅप 70 फूट-पाउंडांना आवळायच्या असतात. खाली झोपून, जॅक सांभाळत ते करून बघा एकदा.

आता कुरकुर. कार्डावरच्या खुणांमधलं अंतर मोठं आहे. दीड आणि दोनच्या मधलं सगळं अंदाजपंचे. सूचनांचा टाइप इतका बारीक की पन्नाशीजवळच्या माणसानं भिंगच घ्यावं (औषधांच्या पाकिटातल्या चिठ्ठ्या वाचणारी बाई हे म्हणतेय). पिन लंबगोल झिजली असेल तर एका तुकड्यानं कळत नाही, क्रँक नव्वद अंश फिरवून दुसरा लावावा लागतो. एका काडीचे तीन-चार तुकडे होतात, बेरिंगं नऊ, प्रत्येक ठिकाणी एकदोनदा. एक पाकीट पुरेल असं धरून चालू नका, विशेषतः माझ्यासारखे दोनतीन तुकडे हवेत उडवणार असाल तर. आणि जुना माल घेऊ नका. एका ओळखीच्यांनी त्यांच्या डब्यातलं वर्षानुवर्षांचं पाकीट प्रेमानं दिलं होतं, त्यातली काडी चेपायच्या ऐवजी तुकडे होऊन बसली.

काढताना नखानं किंवा पात्यानं खरवडायचं नाही. तेलात भिजवलेलं फडकं घेऊन पुसायचं, विरघळून जातं. नव्या शेलवर ओरखडा पाडून फट मोजण्यात काही शहाणपण नाही.

बाकी इंजिन बांधलं त्याचं पुराण लावत नाही. हेड, टायमिंग चेन, ऑइल पंप, दोन एसयू कार्बोरेटर, आणि हो, नवे होज, या खेपेला स्टीलची जाळी असलेले. मार्चमधल्या एका रविवारी प्लग काढून नुसता स्टार्टर मारला. कॅमला सुरुवातीची वीस मिनिटं दोन हजारांच्या वर आरपीएम द्यावं लागतं, म्हणून आधी तेल सगळीकडे पोचलंय याची खात्री हवी. दहा सेकंद, थांबा. दहा सेकंद, थांबा. चौथ्या खेपेला काटा थरथरला आणि उचलला. मुलगा शेजारच्या सीटवर बसून फोन धरून होता, फोनमध्ये अप्पा.

प्लग लावले, चालू केली. धूर झाला, असेंब्लीचं ग्रीस जळाल्याचा वास आला, शेजारच्या आजी खिडकीत आल्या. वीस मिनिटं कुणी बोललं नाही, बोललं तरी ऐकू आलं नसतं. मग गरम इंजिन आयडलला आणलं, काटा 25 वर स्थिर.

"तिसरं बोलतंय का?" अप्पांनी विचारलं.

"नाही."

"फोन खाली धर."

मुलानं फोन चेंबरखाली धरला. अप्पा ऐकत राहिले. (आम्ही कोल्हापूरच्या मुली घरी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतो, तर त्या दिवशी मी ओरडून "अप्पा, मी जिंकलो!" म्हणाले हे मुलानं रेकॉर्ड करून ठेवलंय.) आता बाराशे मैल झालेत, तेल दोनदा बदललं, 20 डब्ल्यू 50, आणि दोन्ही वेळा तेलात चमक नाही. चढावर, तापल्यावर काटा साठच्या आसपास.

पाच तारे देते. अर्धा त्या बारीक टाइपसाठी कापणार होते, पण या वस्तूनं वाचवलेला पैसा बघता ते कद्रूपणाचं होईल.

दिवाळीला कोल्हापूरला जातेय. अप्पांना विचारलं काय आणू, तर नेहमी "काही नको" म्हणणारा माणूस लगेच म्हणाला, "ती शेवई आण दोन पाकिटं. आणि मोठ्या फटीची मिळती का बघ, ऑइल इंजिनाला लागंल."